किनाऱ्याचा रस्ता सपाट नसतो

सुट्टीत कोकणात सायकल न्यायची म्हणून या महिन्यात बरीच पत्रं आली. सगळ्यांना इथे जागा देता येत नाही, म्हणून ज्यांचे प्रश्न इतरांच्याही उपयोगाचे आहेत ती निवडली. पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी सांगते. मी दापोली तालुक्यात बत्तीस वर्षं भूगोल शिकवला आणि त्यातली बरीच वर्षं शाळेत सायकलनेच गेले. खाली लिहिलंय ते याच रस्त्यांवर शिकलेलं आहे.

बाई, आम्ही दोघं आणि आमची अकरा वर्षांची मुलगी डिसेंबरात चार दिवस येतोय. नकाशावर दिवेआगर ते गुहागर असा किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता दिसतो. रोज चाळीस किलोमीटर धरलं तर आरामात होईल ना? (पुण्याहून एक आई)

नाही होणार. म्हणजे तुम्ही दोघं कदाचित पोचाल, पण मुलगी पुन्हा म्हणून सायकलला हात लावणार नाही.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, हा समज नकाशा बघून होतो. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या इथे समुद्राला मिळतात आणि दर थोड्या अंतरावर एक खाडी आडवी येते. दोन खाड्यांच्या मधे जांभ्या दगडाचा उंच सडा, म्हणजे पठार असतं. रस्ता गावात उतरतो, माडा-पोफळीतून जातो, पुलावर किंवा फेरीबोटीपाशी येतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढतो. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटच्या खाडीत बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोट आहे, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळहून धोपाव्याला आहे. फेरीबोटीत सायकल घालून पलीकडे जाणं मुलांना फार आवडतं. पण बोटीतून उतरलात की समोर चढ असतो, आणि तो बहुतेक वेळा बारा वाजताच्या उन्हात वाट्याला येतो.

म्हणून किलोमीटर मोजू नका, चढ मोजा. मुलगी सोबत असेल तर दिवसाला एकच मोठा चढ, तोही सकाळी, अंग ताजं असताना. त्याहून सोपं म्हणजे मुक्काम हलवायचाच नाही. दोन रात्री एका गावात, दोन रात्री दुसऱ्या गावात राहा, मधलं अंतर गाडीने तोडा आणि सायकली गावाच्या आसपास फिरवा.

पहिला मुक्काम माझ्या मनाने श्रीवर्धनला. तिथून उत्तरेला आरावी, शेखाडीवरून दिवेआगरला रस्ता जातो, साधारण वीसेक किलोमीटरचा. एका हाताला डोंगर, एका हाताला समुद्र. चढ-उतार आहेत, पण दम काढणारा मोठा घाट नाही. मुलीला घेऊन शेखाडीपर्यंत जा आणि परत या, तेवढं पुष्कळ झालं.

आता यात एक खुबी आहे, ती नीट वाचा. श्रीवर्धनहून दिवेआगरकडे, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे निघालात तर समुद्र तुमच्या डाव्या हाताला येतो. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो. म्हणजे थांबावंसं वाटलं, फोटो काढावासा वाटला, मुलीला पाणी हवं झालं, तर रस्ता ओलांडावा लागत नाही. उलट दिशेने आलात की दर वेळी रस्ता ओलांडून समुद्राच्या बाजूला जायचा मोह होतो आणि नेमकी त्याच वेळी वळणावरून गाडी येते. दुसरं, डोंगर पूर्वेला असल्यामुळे डिसेंबरात सकाळी बराच वेळ रस्त्यावर डोंगराची सावली राहते. तिसरं वाऱ्याचं. शाळेत शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे आठवतात का? रात्रीत जमीन निवते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. तो मंद असतो, सायकलला त्याचा त्रास नाही. अकरा-बारानंतर जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर तो बहुतेक वायव्येकडून येतो आणि दुपारी चांगलाच जोर धरतो. म्हणून सकाळी उत्तरेकडे जायचं आणि चारनंतर दक्षिणेकडे यायचं. येताना वारा पाठीशी असतो. हेच उलटं केलंत तर संध्याकाळी दमलेल्या मुलीला वाऱ्याच्या तोंडावर सायकल रेटावी लागेल. मी हे पाहिलेलं आहे. मूल बोलत नाही, फक्त मागे पडत जातं.

मागे पडण्यावरून आठवलं. तिघं असाल तर एक मोठं माणूस पुढे, मधे मुलगी, आणि दुसरं मोठं माणूस तिच्या मागे, किंचित उजवीकडे. मागून येणाऱ्या गाडीला मोठं माणूस आधी दिसतं आणि ती लांबून वळसा घेते. वेग मुलीने ठरवायचा, पुढच्याने नाही.

दुसरा मुक्काम मुरूड-कर्द्याला करा. जंजिऱ्याजवळचं नव्हे, आमच्या दापोलीजवळचं मुरूड. तिथून सालदुऱ्यावरून हर्णैला जाऊन बंदरावरचा मासळीचा लिलाव बघा, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो. लिलाव संध्याकाळी रंगतो, पण डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि त्यानंतर झपकन अंधार पडतो. तेव्हा लिलावाला गाडीने जा आणि सायकलने सकाळी.

आणि एक विनंती. नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा टाळता आला तर टाळा. त्या दिवसांत शहरातून येणाऱ्या गाड्यांना इथल्या वळणांची सवय नसते, आणि रात्री-बेरात्री प्यायलेले चालकही रस्त्यावर असतात. पंधरा दिवस आधी या, नाहीतर जानेवारीच्या मध्याला या.

गेल्या वर्षी ग्रुपबरोबर दापोलीहून हर्णैला सायकलने उतरले. सगळे पुढे निघून गेले. माझे हात ब्रेक दाबून दाबून बधिर झाले आणि मागचा ब्रेक कर्कश वाजायला लागला. उतरून चालावं असं वाटत होतं, पण लाज वाटली. उताराची ही भीती कशी घालवू? (नाशिकहून एक वाचक)

ताई, भीती घालवू नका. ती योग्य ठिकाणी होती.

दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवर आहे आणि हर्णै समुद्राला टेकलेलं. मधलं अंतर पंधरा-सोळा किलोमीटर. एवढं सगळं उतरायचं, तेही आसूदच्या बाजूच्या वळणांतून. चढावर माणूस फार तर दमतो. पडायचं असेल तर उतारावर.

माझं सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी आडे-पाडल्याकडून आंजर्ल्याला येत होते. तिथे रस्ता समुद्राला अगदी लागून आहे. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, उडून डांबरावर आली होती. पातळ थर, सायकलवरून नुसता रस्ता जरा फिकट दिसत होता. वळणात शिरल्यावर ते माझ्या लक्षात आलं आणि मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला. चाक एका क्षणात बाजूला गेलं. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेले होते, तरी पडले. चूक ब्रेक दाबण्यात नव्हती, वळणात दाबण्यात होती.

म्हणून पहिली गोष्ट ही की ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना लावायचा. वेग कमी करून वळणात शिरायचं आणि वळणात ब्रेक सोडलेलाच ठेवायचा. दुसरी, दोन्ही ब्रेक मिळून लावायचे, दाबायचे आणि सोडायचे, दाबायचे आणि सोडायचे. तुम्ही सतत दाबून धरले, म्हणून हात बधिर झाले. सतत दाबल्याने रिम आणि ब्रेकचे रबरही तापतात आणि पकड कमी होते. डिस्क ब्रेक असेल तर थांबल्यावर डिस्कला बोट लावू नका, चटका बसतो. तिसरी, सीटवर थोडं मागे सरकायचं आणि नजर पुढच्या चाकावर नाही, वळण जिथे संपतं तिथे ठेवायची.

आमच्या रस्त्यांवर घसरायला कारणं बरीच. सुरूच्या बनाजवळ त्याच्या सुक्या काड्यांचा थर असतो, त्यावरून चाक तेलावरून गेल्यासारखं जातं. हर्णैच्या आसपास मासळीच्या टेम्पोतून सांडलेलं बर्फाचं पाणी. गावातल्या वाड्यांमधे दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणभिंती, त्यामुळे वळणापलीकडचं काही दिसत नाही. तिथे घंटी वाजवत जा, आणि एसटी येताना ऐकू आली तर सरळ पाय टेकून गडग्याला लागून उभ्या राहा. एसटीवाले इथले असतात, ते सांभाळून नेतात, पण त्यांना जागा लागते.

दर दोन-तीन किलोमीटरवर थांबा, हात झटका, ब्रेक निवू द्या. आणि उतार नको वाटला की उतरून चाला. चालतानाही दोन्ही हात ब्रेकवर ठेवा, नाहीतर सायकल ओढत नेते. ग्रुप पुढे गेला असेल तर पुढच्या वेळी दुसरा ग्रुप शोधा. जो ग्रुप शेवटच्या माणसासाठी थांबत नाही, त्याच्याबरोबर उतारावर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

समुद्राच्या वाळूवर सायकल चालवता येते का? व्हिडिओत लोक चालवताना दिसतात, आम्ही प्रयत्न केला तर चाक रुतून बसलं. (कोल्हापूरहून तिघे मित्र)

येते, आणि फार सुंदर चालते. पण ती वेळ तुम्ही ठरवायची नाही, भरती-ओहोटीने ठरवायची. तुम्ही बहुधा भरतीच्या वेळी वरच्या कोरड्या वाळूत गेलात. तिथे कुणाचीच सायकल चालत नाही.

माझे सासरे पंचांग बघून भरती सांगायचे. त्यांनी मला शिकवलेलं गणित असं. तिथीचा पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराचा पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती, दुपारी आणि पहाटेही. त्यापासून सहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला आणि रात्री नऊला. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास, म्हणून ओहोटी सकाळी सहाच्या आसपास. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा बंदरावर एखाद्या खारव्याला किंवा कोळीदादांना विचारून घ्या. पण सुट्टी ठरवताना घरबसल्या कॅलेंडर बघून एवढं कळतं की अमावास्या-पौर्णिमेपासून पंचमीपर्यंतचे दिवस सकाळच्या वाळूवरच्या सायकलीला चांगले, आणि अष्टमीच्या आगेमागे सकाळी लवकर वाळूवर जाण्यात अर्थ नाही.

ओहोटीच्या दीड-दोन तास आधी वाळूवर उतरा, म्हणजे पाणी मागे जात असतं आणि तुमच्यापाशी वेळ असतो. वाळू घट्ट आहे की नाही हे टाचेने बघतात. ओल्या वाळूवर टाच दाबा. पायाभोवतीची वाळू क्षणभर फिकट, कोरडी दिसली आणि पाय आत गेला नाही, तर ती सायकलला उत्तम. टाचेभोवती पाणी वर आलं आणि पाय रुतला, तर तिथून सायकल नेऊ नका, दहा पावलं वर किंवा खाली सरकून परत बघा. आमच्या कर्द्याची वाळू काळसर आणि घट्ट आहे, तिथे साध्या चाकाची सायकलही जाते. चाकातली हवा थोडी कमी केलीत तर आणखी बरं, पण मग डांबरावर यायच्या आधी पंप मारायला विसरू नका, नाहीतर पहिल्या खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होईल.

वाळूवर झटकन वळायचं नाही, मोठा वळसा घ्यायचा. जिथे वहाळ समुद्राला मिळतो तिथे काठ पोकळ असतात, तिथे उतरून सायकल उचलून न्या. आणि किनाऱ्याच्या टोकाला खडकांना वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर गेलात तर घड्याळ बघत राहा. भरती सुरू झाली की परतीची वाट खडकांपाशी आधी बंद होते.

एक गोष्ट मनापासून सांगते. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा काळ. वेळास, आंजर्लं आणि आसपासच्या बऱ्याच किनाऱ्यांवर माद्या रात्री येतात आणि भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत खड्डा करून अंडी घालतात. त्या पट्ट्यात सायकल घालू नका आणि रात्री दिवे घेऊन वाळूवर फिरू नका. एकदा पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिलीत, की चाकाच्या एका खोल चाकोरीत ती कशी अडकत असतील ते सांगावं लागत नाही.

जिथे उतरणार आहोत त्या घरमालकांकडे भाड्याच्या सायकली आहेत म्हणे. घेताना काय बघावं? (ठाण्याहून एक वाचक)

घाई न करता पाच मिनिटं द्या. पुढचं चाक वीतभर उचलून सोडा. काही खडखडलं तर काय सैल आहे ते शोधा. मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा ब्रेक दाबून ढकला, मागचं चाक फिरता नये, घासत यावं. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण काहींना उलटा असतो. म्हणून ते आधीच बघून घ्या, उतारावर कळून उपयोग नाही.

चेनला हात लावा. किनाऱ्यावरच्या सायकलींचं पहिलं दुखणं गंज. चेन लालसर आणि कडक असेल तर दुसरी सायकल मागा. सीट अशी ठेवा की बसल्यावर टाच खालच्या पायडलवर ठेवली तर पाय सरळ होईल. भाड्याच्या सायकलींच्या सीट बहुतेक वेळा फार खाली असतात आणि गुडघे दुखले की लोक दोष कोकणाच्या चढांना देतात. घंटी आणि मागचा लाल दिवा नसेल तर घरून आणा. जादा ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्याही आणा. दुपारी आमची गावं झोपतात. एक ते चार दुकान उघडं मिळेलच असं नाही, आणि पंक्चरवाला पुढच्या गावात असतो.

पाण्याचंही असंच. दमट हवेत घाम वाळत नाही म्हणून किती गेला ते कळत नाही. तहान लागायची वाट बघू नका. कोकम सरबत मीठ घालून घ्या, शहाळं मिळालं तर थांबा.

समुद्राहून परत आणलेल्या सायकलीची चेन आठवड्यात गंजली. तेल तर भरपूर घातलं होतं. (साताऱ्याहून एक विद्यार्थी)

मीठ न धुता तेल घातलंस, म्हणून गंजली. तेलाखाली मीठ आणि वाळू तशीच राहिली. वाळूवरून आलास की त्याच दिवशी गोड्या पाण्याने हलक्या हाताने धू, चाकाच्या छऱ्यांवर जोरात पाणी मारू नकोस. कापडाने पूस, उन्हात तासभर ठेव, चेन पूर्ण वाळली की थेंब थेंब तेल घाल आणि वरचं पुसून टाक.

वय ६७. तीस वर्षांत सायकलवर बसलेलो नाही. मुलगा मुरूडला नेतोय, मला एकदा समुद्रकाठी सायकल चालवायची आहे. बायको म्हणते पडाल. (सांगलीहून एक वाचक)

वहिनींची काळजी खोटी नाही, आणि तुमची इच्छाही खोटी नाही. डॉक्टरांना आधी विचारून घ्या. रक्तदाब किंवा चक्कर यांची गोळी चालू असेल तर नक्कीच. मग इथे येण्याआधी पंधरा दिवस सांगलीतच, सकाळी सहाला एखाद्या मोकळ्या मैदानावर सुरुवात करा. सीट पहिल्यांदा खाली घ्या, दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी. मघाशी ठाण्याच्या वाचकांना मी उलट सांगितलं, पण तुमच्यासाठी हेच बरोबर. पहिले दोन दिवस पायडल मारूच नका, पायाने ढकलत जा आणि ब्रेक लावून थांबायचा सराव करा. चढण्या-उतरण्यात माणसं जास्त पडतात, म्हणून दांडी नसलेली किंवा खाली वाकलेल्या दांडीची सायकल घ्या. डोक्यावर हेल्मेट हवंच, भुवईच्या वर दोन बोटं, पट्टा हनुवटीखाली घट्ट.

मुरूडला आलात की पहिल्या दिवशी सायकल नको. मुलाला बरोबर घेऊन गावातला रस्ता पायी चालून बघा, कुठे वळण, कुठे कुत्री, कुठे खडी. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, गाड्या सुरू व्हायच्या आत, मुलगा मागे आणि तुम्ही पुढे असे कर्द्याच्या दिशेने निघा. तीन-चार किलोमीटर आहे. मधे चढ लागला तर उतरा. कर्द्याला चहा घ्या, तासभर पाण्याकडे बघत बसा, आणि परत येताना पाय दमले असतील तर सायकल गाडीत टाकून या.

वहिनींना कर्द्याला आधीच नेऊन बसवा. तुम्ही येताना त्यांना लांबून दिसलात की त्यांची निम्मी काळजी तिथेच जाईल.